झोपडी सहा लाखांची, वर अठरा टक्के

मंडळी, दुपारपासून जीव जळतोय, म्हणून लिहितेय.

बाबांना गावच्या जागेत चाकांवरची तयार लाकडी झोपडी ठेवायची आहे. लालबागच्या एका खोलीत आम्ही पाच जणांनी दिवस काढले, म्हणून म्हातारपणी तरी आईबरोबर तिकडे मोकळं राहायचं ठरलं होतं. साठवलेले सहा लाख घेऊन आज आम्ही तिघं दादरच्या एका ऑफिसात गेलो.

झोपडी बरोबर सहा लाखांची होती. सेल्समन म्हणाला, "काका, वर अठरा टक्के जीएसटी. सात लाख आठ हजार होतील."

बाबांचा चेहरा पडला. मग ते एकेक गोष्ट कमी करायला लागले. आधी पुढची पडवी गेली, मग स्वयंपाकाचा ओटा गेला. तरी हिशेब बसेना.

"दुसरी खाट काढा," बाबा म्हणाले.

आईने विचारलं, "आनि मी खंय निजू?"

"तू खाली नीज."

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. खाली बसली तर उठवायला दोन माणसं लागतात. सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलकडे पाहिलं. बाबांनी सही केली.

टॅक्सीत आई म्हणाली, "मी येवचंय नाय. तुमीच जावा."

पुढच्या सीटवर बसलेले बाबा वळलेसुद्धा नाहीत. "आधी सांगायचंस ना! याहून लहान घेतली असती."

आई अजून बाहेरच्या साडीतच बसलीय. तुम्ही तिथे असता, तर बोलला असता का?