धुतलेल्या नळ्या

"पेशी गप्प बसायला हव्यात, आणि तुमच्या नाचतायत!" आमच्या विभागप्रमुख डॉ. रावांनी माझा ग्राफ टेबलावर आपटला.

हैदराबादच्या एका सरकारी लॅबमधली गोष्ट. परदेशी माल नुकताच सहज मिळू लागला होता. माझं काम कुष्ठरोगाच्या जंतूवर. त्याच्या अंगावर साखर आणि चरबी जोडून झालेला एक पदार्थ असतो, ग्लायकोलिपिड. रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना तो गप्प करतो, असा आमचा अंदाज. आमच्याकडे मात्र त्या खवळत होत्या.

मी ग्लायकोलिपिड न घालताच नळ्यांत नुसत्या पेशी ठेवून बघितल्या. तरी खवळल्या! म्हणजे खोट नळ्यांत.

नळ्या प्लास्टिकच्या, एकदा वापरून फेकायच्या. पण फेकायला आमचा हात धजेल तर शपथ! धुऊन दहा-दहा वेळा वापरायचो. धुवायची यादम्मा, रोजंदारीवरची. कुकटपल्लीहून दोन बस बदलून यायची.

"नीट धूत नाही ती. सोमवारपासून नको," राव म्हणाले.

"हम तो घिस घिस के धोये, मॅडम," यादम्मा रडकुंडीला आली. घरात कमावणारी ती एकटीच.

मला राहवेना. पदर खोचला आणि नळ्या स्वतः धुतल्या. ऑटोक्लेव्ह केल्या, म्हणजे मोठ्या कुकरमध्ये वाफवल्या. पेशी तशाच खवळल्या. मग नव्या नळ्यांचं पाकीट फोडलं. त्यात पेशी शांत.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पाण्यातल्या साध्या जंतूंच्या अंगावरही ग्लायकोलिपिड असतं, पण ते पेशींना भडकवणारं. वाफेनं जंतू मरतात, पण ते नळीला चिकटून उरतं. कणभरही पुरतं. ते जाळायला कोरडी कडक आच लागते, आणि त्या आचेत प्लास्टिक वितळतं.

मी रावांकडे गेले. "सर, धुण्यात खोट नाही. धुवायचा नियमच चुकीचा. आणि तो मी घातलेला."

राव म्हणाले, "नव्या मागवा. धुणं बंद."

नव्या नळ्यांत कुष्ठरोगाच्या ग्लायकोलिपिडनं पेशी खरंच गप्प केल्या. पुढे पेपरही छापून आला. यादम्मावरचा ठपकाही गेला. पण धुवायला आता काही उरलंच नव्हतं. तिला दुसरं काम द्या म्हणून मी दोनदा अर्ज केला. 'जागा नाही,' असं उत्तर आलं.

शेवटच्या दिवशी डबा पिशवीत टाकत यादम्मा म्हणाली, "गलती तुम्हारी निकली, नौकरी हमारी गई ना, मॅडम?"

मला फार लाज वाटली. चूक कुणाची ते शोधून काढलं की आपण हात झटकतो. फटका कुणाला बसणार, तेही त्याच दिवशी बघून ठेवावं.