चित्तेवानाचं ‘आम्ही’

चैत्र वद्य पंचमी. अंगणात कुरडया वाळत घालत होते. महाराजांचा शिकारी चित्ता सांभाळणारा आमच्या गल्लीतला चित्तेवान त्याला फिरवत आला. हा माणूस स्वतःचं आणि चित्त्याचं एकत्रच बोलायचा. "आम्ही जेवलो." "आमच्यापुढं वारा बी मागं ऱ्हातोय, वैनी!" इतक्या वेगानं पळणारं जनावर बघायला लोक कामं टाकून बाहेर येत, आणि छाती याची फुगे.

आज मात्र तो हळू बोलला. "काल पावण्यांदेखत आम्ही हरणामागं पळता पळता मधीच बसलो. उद्या परत सोडणार हायत. न्हाय पळलो, तर जल्मभर पिंजराच की."

बोलता बोलता त्यानं चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली. समोर माझं करडू बागडत होतं.

"अहो, याड लागलंय काय!" मी करडू उचललं. चित्त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"बघितलंसा न्हवं?" तो म्हणाला. आणि त्यानं टोपी परत बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकारीचा छकडा दारावरून निघाला, तेव्हा मी करडू छकड्याजवळ नेऊन त्याचा कान जोरात पिळला. ते ओरडलं. छकड्यावरचा चित्ता तसाच बसून राहिला. मी पुन्हा पिळला.