अक्कांचं चिबड

माझं माहेर नाशिक रोडचं, सरकारी क्वार्टरमधलं. तिथं पाण्याशी आमचा संबंध एवढाच, की नळ आला का आणि गेला का. पाणी जास्त झालं म्हणून कुणी कपाळाला हात लावतं, हे मला सायखेड्याला सून म्हणून आल्यावर कळलं. आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला, कालवा आणि गोदावरी यांच्यामध्ये एक तुकडा होता. कालव्याचं पाणी झिरपून झिरपून तिथं बारा महिने चिखल. बाभळी, करंज आणि शिंदीची बेटं माजलेली, खाली लव्हाळा. अशा पाणी धरून बसलेल्या जमिनीला आमच्याकडे चिबड म्हणतात. कुणाची म्हैस चुकली की आधी तिथं बघायचे, बाकी तिकडे कुणी फिरकत नसे.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, तेव्हा माझी थोरली नणंद मालेगावहून एक पेटी घेऊन परत आली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. सासरच्यांचं म्हणणं, दोघी राहतील गुण्यागोविंदानं. अक्का म्हणाल्या, ती राहील, मी नाही. आता खोटं कशाला बोलू, नणंद कायमची माहेरी आली म्हटल्यावर मला काही आनंदाच्या उकळ्या फुटल्या नाहीत. मी फटकळ, त्या अबोल. आमचं जमायचं कसं, याचीच मला चिंता.

माझे सासरे, ज्यांना घरात आबा म्हणत, ते माणूस वाईट नव्हते. पण लेक घरात बसली तर गाव काय म्हणेल, ही धास्ती त्यांना झोपू देत नव्हती. एकदा जेवताना त्यांनी विषय काढलाच. अक्कांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "आबा, मला ते खालचं चिबड द्या. मी कसून खाईन. तुमच्या ताटातलं मागणार नाय."

आबा हसले. "चिबड? बरं. पुढच्या संक्रांतीला तिथं पीक उभं दिसलं तर रान तुझं. नाय दिसलं तर मुकाट्यानं मालेगावची यष्टी धरायची. परत रडगाणं नाय."

"चालंल," अक्का म्हणाल्या.

आम्हाला सगळ्यांना कळलं की हा नकारच आहे, फक्त गोड बोलून दिलेला. पूर्वी एकदा गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्यानं तिथं हौसेनं नांगर घातला होता. ते धूड असं रुतलं की काढायला चार बैलजोड्या लागल्या.

आमच्याकडे मात्र छोटा ट्रॅक्टर होता. यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाईल असा बघून घेतला होता. गावातली माणसं त्याला खेळणं म्हणायची. पारावरचा एक जण तर रोज विचारायचा, "किल्ली देऊन चालवता का हो?" अक्कांनी उन्हाळ्याच्या तोंडाला ते खेळणं मागितलं. हे म्हणाले, "घे, पण शिकशील कधी?" अक्कांनी द्राक्षबागेत दोन-चार फेऱ्या मारल्या आणि त्या शिकल्या. पाचवारी पातळात सीटवर बसता येईना, म्हणून माझ्या गेलेल्या सासूबाईंचं, म्हणजे त्यांच्या आईचं, जुनं नऊवार त्यांनी पेटीतून काढलं आणि कासोटा घालून बसल्या. गावात चर्चा झाली. व्हायचीच. नदीवर धुणं धुताना एकीनं मला टोमणा मारला, तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला बैलगाडी नीट हाकता येत नाही, आधी त्याचं बघ." त्या दिवसापासून अक्का माझ्याशी जरा बोलायला लागल्या.

झाडं काढण्याची त्यांची रीत बघण्यासारखी होती. आधी बाभूळ कमरेएवढी ठेवून वरची तोडायची. मग बुंध्याभोवती खणून बाजूची मुळं कुऱ्हाडीनं मोकळी करायची. मग साखळी. ती बुंध्याला आणि ट्रॅक्टरला अगदी खाली बांधायच्या, कारण वर बांधली तर ताण पडल्यावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. तोडलेल्या फांद्या आणि शिंदीच्या झावळ्या चिखलावर पसरून त्यावरून चाकं न्यायच्या. हिसका कधीच द्यायच्या नाहीत. साखळी ताठ झाली की इंजिनाचा आवाज हळूहळू वाढवायचा, मूळ चिखलातून सुटताना मोठा आवाज यायचा, आणि अक्का मागं वळून फक्त मान हलवायच्या. मला तर बाई त्यांचा अभिमानच वाटायला लागला होता. मी रोज दुपारी भाकरी घेऊन जायची आणि उगीचच बांधावर रेंगाळायची.

झाडं निघाली. कालव्याच्या कडेची करंजांची रांग मात्र अक्कांनी ठेवली. "ती पाणी पित्यात, पिऊ दे," म्हणाल्या. आता राहिला चर. तुकड्याच्या मधून खोल चर काढून साचलेलं पाणी नदीत सोडायचं. शुभ दिवस बघून कालव्याच्या अंगाला, वरच्या टोकाला, नारळ फोडला. आमच्याकडे पाट काढायचा तर असाच काढतात, पाण्याच्या उगमापासून. नांगराच्या एका फाळानं माती उकलत ट्रॅक्टर खाली निघाला, मागून बाया फावड्यानं माती वर टाकत निघाल्या.

आणि पाणीही मागून निघालं. पुढं वाट नाही, मागून झिरप. दोन्ही काठ ढासळले, बाया गुडघ्याएवढ्या पाण्यात, आणि ट्रॅक्टर आसापर्यंत खाली. आबा बांधावर उभे होते. घरी येऊन मला म्हणाले, "सूनबाई, बाजारच्या दिवशी एक खण आणून ठेव. लेकीची ओटी भरून पाठवावी लागंल." मी खण आणला, हिरवा, जरीच्या काठाचा, आणि माझ्या ट्रंकेत तळाला ठेवला. अक्कांना दाखवायची माझी छाती झाली नाही.

ट्रॅक्टर पहारी लावून, फळ्या घालून कसाबसा निघाला. दुसऱ्या दिवशी मी अंगणात अक्कांचं चिखलानं माखलेलं नऊवार धूत होते. धुण्याचं पाणी दारातच साचलं. अक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या, सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मी साचलेल्या पाण्याला शिव्या घालत होते. अक्का उठल्या, अंगणाच्या पार बाहेरच्या कडेला गेल्या आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागल्या. तिथून उकरत उकरत माझ्याकडे आल्या. पाणी सरळ निघून गेलं.

त्या तशाच उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. "अगं, आपण सगळे उलट्या डोक्याचे. जल्मभर पाणी रानात आणलं, म्हणून वरून खणत आलो. घालवायचं कुणी शिकवलंय आपल्याला? घालवायचं तर नदीकडून वर जायला पायजे."

एवढं साधं, पण अख्ख्या गावाला सुचलं नव्हतं. ज्यांनी विहिरीच्या तळाकडे बघत आयुष्य काढलं, त्यांचे हात पाणी आणण्यातच तरबेज. नदीच्या टोकाला अक्कांनी पुन्हा नारळ फोडला. पारावरच्या मंडळींना खालच्या टोकाला नारळ हा नवा चमत्कार वाटला. अक्कांनी उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यात खोल खणणं नदीपाशी, मग उथळ होत वर. थोडं खणायचं, थांबायचं, पुढची जमीन सुकू द्यायची, मग ते खेळणं झावळ्यांवरून पुढं न्यायचं. चराच्या तळाशी पहिल्यांदा पाण्याची बारीक धार सुटली आणि नदीकडे गेली, तेव्हा बायांनी फावडी टाकली आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मला रडू आलं. का आलं ते विचारू नका.

पावसाळ्यात नदी चढली आणि चरातून पाणी उलटं रानात शिरलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं. अक्का म्हणाल्या, "आलं तसं जाईल, वाट मोकळी हाय." नदी उतरली तसं पाणी मुकाट्यानं निघून गेलं. कार्तिकात त्या तुकड्यात गहू पेरला. वर्षानुवर्षं पाला कुजलेली ती माती, गहू असा आला की बांधावरून जाणारी माणसं थांबायला लागली. आबा रोज सकाळी तिकडे एक चक्कर मारत. कुठं जाता, असं विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करायला."

संक्रांत झाली आणि अक्कांना न्यायला मालेगावहून त्यांचे सासरे आणि दीर आले. आबा त्यांना चहा पाजून तडक रानात घेऊन गेले. मी पाण्याची कळशी नेण्याच्या निमित्तानं मागोमाग. ट्रंकेतला खण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. अक्का चराच्या तोंडाशी साचलेला गाळ काढत होत्या. पाव्हण्यांनी आबांकडे बघितलं, की आता तुम्हीच सांगा. आबांनी गव्हाची एक ओंबी हातात घेतली, चोळली, तोंडात दाणे टाकले.

"मला काय विचारता," ते म्हणाले. "रान तिचं हाय. तिला विचारा."

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, दोघांना वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "गहू ओंबीवर आलाय. मला सवड नाय."

पाव्हणे जेवायलाही थांबले नाहीत.

गव्हाची मळणी झाल्यावर अक्कांनी बांधावरच्या आपल्या नव्या खोपटात मला बोलावलं. निरोप असा, की येताना ट्रंकेतला खण घेऊन ये. त्यांना तो ठाऊक होता, पहिल्या दिवसापासून. मी ओशाळून गेले. खोपटात शेणानं सारवलं होतं, पाट मांडला होता, शेजारी सुपात गहू. मला वाटलं, आता यांची ओटी भरायची. मी कुंकवाचा करंडा उचलला.

"ठेव तो खाली," अक्का म्हणाल्या. "बस पाटावर."

"असं कसं? माहेरवाशीण तुम्ही. ओटी मी भरायची तुमची."

"माहेरवाशीण त्या घरात," त्या म्हणाल्या. "हितं तू पाव्हणी."

त्यांनी मला कुंकू लावलं. त्यांना पाठवण्यासाठी आणलेला तो हिरवा खण माझ्या ओटीत घातला, वर नारळ, आणि मग चिबडातल्या गव्हाची भरलेली ओंजळ. मी पदर आणखी पुढं केला.