हळदीच्या काहिलीत उकळलेली वाळू

लग्न झालं तेव्हा मी हिंगोलीत मास्तर होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती.

बायकोचं माहेर खाली कळमनुरीकडं, आमच्या हिंगोलीवरून वाहत जाणाऱ्या कयाधू नदीच्याच काठी. आमच्याकडं आल्यापासून ती फारसं बोलत नसे. एकदा तिच्या भावानं लोटीतून बोटाएवढे तीन मासे आणून दिले. मी किराणा दुकानातून एक मोठी काचेची बरणी मागून आणली आणि त्यात ते सोडले. मग ती बोलायला लागली, पण माशांशी. मी आत आलो की गप्प.

पाणी दोन दिवसांत गढूळ व्हायचं. इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. शाळेत पोरांना शिकवायचो ती मडक्यांची गाळणी मी घरातच उभी केली. तिवईवर एकाखाली एक दोन मडकी, तळाला भोकं. वरच्यात कोळसा, खालच्यात वाळू, त्याखाली बरणी. ती रोज बरणीतलं पाणी तांब्यानं काढून वर ओतायची, ते ठिबकत परत बरणीत यायचं. मासे टुणटुणीत झाले. वाळूवर मात्र तपकिरी, बुळबुळीत साय धरली. ती वरची मूठभर वाळू बरणीच्याच पाण्यात, वाडग्यात विसळायची आणि परत ठेवायची. बस्स.

"अगं, पंधरा दिवसांनी तुझे वडील येणार. काय म्हणतील, जावई घाणीत मासे पोसतो?"

"असू द्या की. मासे बराबर हायेत."

ती शेजारी पापड लाटायला गेली तशी मी वाळू फडक्यात बांधली. मागच्या मळ्यात हळद शिजत होती. आयती उकळती काहील! गाठोडं आत सोडलं.

मळ्यातल्या म्हातारीनं विचारलं, "मास्तर, काय शिजवून राहिले?"

"वाळू."

"काहून? घरातले दाणे सरले का?"

मडकी राखेनं घासली, कोळसा नवा भरला. वाळू पिवळीधमक झाली. हळद जखमेला चांगली, तर माशांना वाईट कशी असेल, असं मी स्वतःलाच शिकवलं.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. "भूक लागली असेल," मी म्हणालो आणि आणखी कणीक टाकली. दुसऱ्या सकाळी एक उलटा तरंगत होता.

ती रडली नाही. मासा अळूच्या वाफ्यात पुरून आली आणि म्हणाली, "नदीतले दगड कोण घासतं हो?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. माशांची घाण ती सायच खाऊन टाकते, हे मला फार वर्षांनी कळलं. त्या दिवशी एवढंच समजलं, की दोन मासे उरलेत आणि मी तिचं माहेर उकळून काढलंय.

"नदीवर चला," ती म्हणाली. "न धुतलेली वाळू पाहिजे."

आमच्या गल्लीत नवराबायको जोडीनं चालत नसत. मी पुढं, ती दहा पावलं मागं, डोक्यावर घागर. नदीत मी पांढरीशुभ्र वाळू भरायला लागलो.

"ती न्हाई. ती बुळबुळीत घ्या."

बुळबुळीत घ्यायला गेलो आणि कोटासकट पाण्यात बसलो. ती हसली. लग्नानंतर पहिल्यांदा तिचं हसू ऐकलं. मग पाण्यात पाय सोडून तिनं विचारलं, "हे पाणी आमच्या गावाला कधी पोचत असंल?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. हे वाक्य मला म्हणता येतं याचं माझं मलाच नवल वाटलं. मग ती सांगत राहिली, तिकडच्या घाटावर यावेळी कोण कोण धुणं धूत असेल ते. परतताना घागर माझ्या खांद्यावर होती आणि ती शेजारी.

नव्या वाळूनं आणि नदीच्या पाण्यानं उरलेले दोघं चार-सहा दिवसांत तळाशी फिरायला लागले. सासरे आले, बरणीपाशी वाकले.

"तिसरा कुठं गेला?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात ती चहाचे कप ठेवत म्हणाली, "म्हातारा झाला होता, बाबा."

तो मासा वर्षाचासुद्धा नव्हता.