डब्यावरचा गाळलेला शब्द

आमच्या आळीतला पहिला बी. ए. मी. हे मी आजही सांगतो आणि सांगताना मान ताठ होते. पण त्याच पदवीच्या जोरावर मी एकदा माझ्या आईला फसवलं, हे मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, रेवदंड्याजवळचे. धंदा तेलाचा. शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, आमचा घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. शाळेत कुणी तसं म्हटलं की मला राग यायचा. बाबांना कधी आला नाही. ते म्हणायचे, "तेल चांगलं हाय म्हणून तर नाव ठेवतात. वाईट असतं तर लक्षात कुणी ठेवलं असतं?"

मुंबईत नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी फोर्टातल्या एका मोठ्या दुकानातून परदेशी डबा घेतला. वर इंग्रजीत लिहिलं होतं, शेंगदाण्याचं लोणी. आठवड्याच्या रजेवर आगबोटीनं गावी आलो. धक्क्यापासून घरापर्यंत मी तो डबा तीन जणांना वाचून दाखवला.

आईनं डबा हातात घेतला, पुसला आणि दुधाच्या भांड्यांच्या फळीवर नेऊन ठेवला. आमच्यात दूध आणि मटण यांची भांडी वेगळी. एकाचा चमचा दुसऱ्यात जात नाही.

"तिथं कशाला ठेवतेस?"

"लोणी म्हणालास ना."

मी हसलो. "आई, नावाला लोणी. दुधाचा थेंब नाही ह्यात. सगळं दाण्याचं."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, दाण्याला दूध कवापासून यायला लागलं?"

"सायबाच्या देशात येत असंल," आई म्हणाली आणि डबा खालच्या फळीवर ठेवला.

दाणे वाटून भाकरीबरोबर खायची आमच्याकडे जुनीच सवय. आई दाणे भाजायची, पाखडून फोलपटं काढायची आणि मीठ घालून पाट्यावर वाटायची, तेल सुटेपर्यंत. बाबांनी माझ्या डब्यातलं चमचाभर चाखलं. मग चमचा पालथा केला. गोळा पडला नाही. त्यांनी एका वाटीत ते घेतलं, दुसरीत आईनं वाटलेलं, आणि दोन्ही वाट्या खिडकीत ठेवल्या.

बुधवारी आईच्या वाटीत वर बोटभर तेल आलं होतं. माझ्या वाटीत काही नाही.

"बघा," मी म्हणालो. "दर वेळी ढवळत बसायला नको. हा ह्याचा गुण."

बाबांनी वाटी उजेडात धरली. "दाणा आणि तेल बळंच बांधून ठेवलं तरी सुटतं. माझा जन्म त्यांना सोडवण्यात गेला. ह्या दोघांच्या मधी कुणी तिसरा बसलाय. कोण ते वाच."

मी डबा फिरवला. दाणे, साखर, मीठ. आणि शेवटी, अगदी बारीक अक्षरात, घट्ट केलेलं 'फॅट'. फॅट म्हणजे चरबी, हे मी शाळेतच पाठ केलं होतं. कसली चरबी ते लिहिलं नव्हतं. घट्ट केलेलं झाडाचं तेलही असेल. डुकराची चरबीही असेल. आमच्या घरात या दोन शक्यतांमध्ये केवढं अंतर आहे, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

पण तीन जणांना वाचून दाखवलेला डबा होता तो.

"दाणे, साखर, मीठ," मी म्हणालो. "तिसरा म्हणजे साखर."

"साखर तेलाला धरून ठेवते?"

"यंत्रानं वाटतात, बाबा. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी वाटी परत खिडकीत ठेवली. तेलाच्या गोष्टीत त्यांना गप्प बसवणारा मी पहिलाच.

शुक्रवारी दुपारी आईनं मटण केलं, आणि रस्सा दाट व्हावा म्हणून माझ्या लाडक्या डब्यातले दोन चमचे त्यात घातले. मला ते दिसलं. मी उंबऱ्यात उभा होतो. "आई, नको" एवढंच म्हणायचं होतं. संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावल्यावर बाबांनी रस्सा मागून घेतला. मीही मागून घेतला. घेतला नसता तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

रविवारी सकाळी शेजारच्या काकू आल्या. आमच्याच समाजातल्या. त्यांची मुलगी बाळंत झाली होती, अंगात ताकद नव्हती. आईनं त्यांच्यासाठी वाटीभर काढायला डबा घेतला आणि माझ्याकडे दिला. "काय काय हाय ते हिला वाचून दाखव. तुझ्या तोंडून ऐकलं म्हंजे हिची खात्री पटंल."

"वाच रे बालिस्टर," काकू म्हणाल्या.

मी वाचलं. "दाणे. साखर. मीठ." थांबलो. काकू वाटी पुढे करून उभ्या होत्या. "आणि चरबी."

"कसली?"

"लिहिलेलं नाही."

काकूंनी वाटी पदराखाली घेतली. "मग र्‍हाऊ दे गं बाई," असं आईला म्हणाल्या आणि गेल्या.

आई माझ्याकडे बघत राहिली. "बुधवारी हे लिहिलेलं नव्हतं?"

"होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, मटणाचं मातीचं भांडं घेऊन मागल्या दारी गेली आणि ते दगडावर फोडलं. मग झाकणी. मग लाकडी डाव मोडून चुलीत घातला. तांब्याची भांडी तेवढी उकळून शुद्ध होतात; ती अंगणात मांडली आणि मोठ्या हंड्यात पाणी उकळायला ठेवलं. मी एक टोप उचलायला गेलो.

"तू नको हात लावू," ती म्हणाली.

बाबा विहिरीचं पाणी ओढत होते. दुपारच्या आगबोटीला निघताना मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा त्यांनी कळशी खाली ठेवली. "मला वाचता आलं असतं," ते म्हणाले, "तर तुला विचारलं नसतं."

पुढल्या वर्षी त्याच दुकानात मी एकेक डबा, एकेक बाटली फिरवून वाचली. दुकानदार वैतागला. शेवटी एक काचेची बाटली मिळाली. तिच्यावर दाणे आणि मीठ एवढंच, आणि वर दोन बोटं तेल तरंगत होतं. "ती ढवळावी लागते, साहेब," दुकानदार म्हणाला. "गिऱ्हाईक नेत नाही." मी नेली.

बाबांनी बाटली आडवी केली, उभी केली, तेल वर येताना बघितलं. "हां. हे सुटतंय," ते म्हणाले. आईनं त्यांच्या हातातून बाटली घेतली, पुसली आणि पदराखाली धरली.

"कुठं निघालीस?"

"मास्तरांकडं. वाचून घेते."

"आई, दोनच शब्द आहेत. दाणे आणि मीठ."

"असतील की," ती म्हणाली आणि अंगणातून बाहेर पडली. मी तिला अडवलं नाही.