न उघडणाऱ्या पानाचा पंचनामा

"म्याडम, तुमचा मोडेम बिघडला असेल. एकदा बंद करून चालू करा."

नेट देणाऱ्या कंपनीचे वर्ध्याचे साहेब तिसऱ्यांदा हेच सांगत होते. मी म्हटलं, "साहेब, मोडेम बिघडला तर बाकी सगळं कसं उघडतं? फक्त ब्लॉगच का मेले?"

"पुरावा काय?" म्हणाले आणि फोन ठेवला. माझं टाळकंच सरकलं.

तेव्हा आष्टीत माझा चार कॉम्प्युटरचा सायबर कॅफे होता. नेटवरच्या बंदीविरुद्ध मी पुढं जन्मभर भांडले, ते भांडण इथून सुरू झालं. निमित्त नामदेवभाऊंचं. त्यांची वांग्याची झाडं कमरेएवढी वाढली, पण वांगं एक नाही. बियाणं बोगस. कृषी ऑफिस म्हणालं, एकट्याची तक्रार चालत नाही. त्याच लॉटचं बियाणं घेतलेले आणखी शेतकरी शुक्रवारपर्यंत आणा, तर भरपाईचं बघू. म्हणून मी ब्लॉग काढला. ब्लॉग म्हणजे नेटवरची फुकटातली वही, कोणीही लिहावं, कोणीही वाचावं. त्यावर पाकिटाचा फोटो टाकला, लॉट नंबर ठळक. आणि मंगळवारी पान उघडेना!

मला सुरुवातीला वाटलं, बियाणेवाल्याचंच कारस्थान. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मैत्रिणीनं उलगडा केला. वरून सरकारचा आदेश आला होता मोजकी पानं बंद करायचा, नेट कंपनीनं सरसकट सगळे ब्लॉग बंद करून टाकले. एका घराला कुलूप लावायला सांगितलं, तर यांनी गल्लीच्या तोंडाशीच भिंत घातली.

नामदेवभाऊ म्हणाले, "गारपीट झाली का पंचनामा होते ना ताई? मंग याचाबी करू."

मी आधी हसले. मग आठवलं, साहेबांना पुरावाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भाजीवाल्यांतून पाच पंच आणून कॉम्प्युटरसमोर बसवले. मी लिहिलं, "समक्ष पाहिले असता सदर पान उघडत नाही. इतर पाने उघडतात." चौघांनी सह्या-अंगठे केले. पाचवे दामोदरकाका अडून बसले.

"काय होतं त्या पानावर? समजल्याशिवाय मी सही करत नाई."

नामदेवभाऊंनी खिशातून रिकामं पाकीट काढलं. काकांनी नंबर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अरे, माह्या वांग्याचंबी हेच झालं! मले वाटे, माहंच काई चुकलं."

झालं! कसला पंचनामा चालू आहे म्हणून बाहेर ही गर्दी. पाकीट हातोहात फिरलं. शुक्रवारी कृषी ऑफिसात चौदा अर्ज पडले.

पंचनामा मी वर्ध्याला नेला. साहेब वैतागले. "म्याडम, असा कुठं पंचनामा असतो?"

"नसतो. पण आवक नंबर द्या."

पाच पंचांचा कागद फेकायची त्यांची हिंमत झाली नाही. शिक्का मारला, वर पाठवला. पुढच्या आठवड्यात पान उघडलं. खाली पाहणाऱ्यांचा आकडा दिसत होता: सात. त्यातल्या चार वेळा मीच.

उघडं होतं तेव्हा कुत्रं फिरकलं नाही, बंद पडलं तर अख्खा बाजार जमला. बंदी घालणाऱ्यांना हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

चौदाही जणांना भरपाई मिळाली. त्यानंतरच्या बाजारी नामदेवभाऊ कॅफेत डोकावले.

"ताई, कांद्याच्या बियाण्याचंबी लफडं हाये. थे पान अजून एक डाव बंद पाडता येते काय?"