जवळची फेरी

रेडिओला हात लावण्याआधी आबा दारात यायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "मला बाबा भ्या वाटतं."

भीतीची लाज न वाटणारा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आबांचं बारामतीत औषधांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत हौशी रेडिओचा संच. परवाना घेऊन असं जगाशी बोलत बसणारे आमच्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत आबा सगळ्यांत वडील आणि सगळ्यांत भित्रे. लांब कुठं गडगडलं तरी आधी अँटेनाची वायर काढून खिडकीबाहेर टाकायचे, मग चहा मागवायचे. आम्ही हसायचो.

"हसा," ते म्हणायचे. "वीज काय परवाना बघून पडती व्हय?"

आमच्या स्पर्धा असतात. ठरलेल्या वेळात जमेल तितक्या केंद्रांशी बोलायचं. गुण मिळतात ते अंतरावर. जपान लागला तर घसघशीत गुण, इंदापूर लागलं तर कसाबसा एक. आबांना हा नियम कधीच पटला नाही. एकदा इंदापुरात आमची बैठक भरली तेव्हा ते वाद घालायलाच उठले.

"लांबचा आवाज आभाळाला धडकून आपसूक खाली येतो. जवळचा डोक्यावरनं निघून जातो. मग कष्ट कुणाला जास्त? जवळच्याला. अन् गुण त्येलाच कमी. ह्यो कुठला न्याय?"

"आबा, जवळच्याला फोन करायचा असतो," मी म्हणालो. सगळे हसले.

"अन् फोन न्हाय लागला तर? समदी लांबचं ऐकत बसली तर जवळचं कोण ऐकणार? मला तर भ्याच वाटतं."

नियम काही बदलला नाही. आबांनी मग आपल्यापुरती पद्धत पाडली. ऐन स्पर्धेत, दर तासाच्या सुरुवातीला ते लांबची केंद्रं सोडून द्यायचे, रेडिओच्या खालच्या पट्ट्यावर, जिथं जवळची केंद्रं लागतात तिथं, यायचे आणि विचारायचे, "जवळ कुणी हाय का?" याला ते जवळची फेरी म्हणत. बहुतेक वेळा कुणी नसायचं. गुणांच्या यादीत आबा कायम तळाला, आणि मी त्यांना त्यावरून छळायचो.

"कुणी बोललं न्हाय म्हंजे समदी बरी हायेत, असं समजायचं," ते म्हणत.

एका उन्हाळ्यातल्या स्पर्धेच्या दिवशी मी बारामतीजवळ अंथुर्ण्याला आमच्या मळ्यात संच मांडून बसलो होतो. दुपारी वळवाचं वादळ आलं. गोठ्याचा पत्रा उडाला आणि माझ्या वडिलांच्या मांडीत घुसला. रक्त थांबेना. भाऊ दोन्ही हातांनी धोतर दाबून बसला. दारातला लिंब गाडीवर आडवा झालेला, रस्ता बंद, मोबाइलची रेंज गेलेली. वडील आधी कण्हत होते, मग कण्हायचे थांबले. मी संचाकडे पळालो.

संच बॅटरीवर चालू होता. मी ओरडून मदत मागितली. खरखरीतून जपानचं एक केंद्र आलं. त्याला माझा संकेत, म्हणजे रेडिओवरचं नाव, तेवढा कळला असावा. त्याने स्पर्धेतला आपला क्रमांक दिला, आभार मानले आणि तो पुढच्याकडे गेला. माझी हाक त्याच्याकडे गुण म्हणून लिहिली गेली. बारामतीला हाका मारल्या, तर नुसती खरखर.

मग घड्याळ पाहिलं. तास भरत आला होता. मी खालच्या पट्ट्यावर आलो. अँटेना वाऱ्याने पडून डाळिंबाच्या कुंपणावर लोंबत होती. जवळच्यासाठी वायर खालीच बरी, हेही आबांनीच शिकवलेलं. पण वीज कडाडत होती, बारामतीकडचं आभाळ काळं झालं होतं आणि मी आबांना ओळखत होतो. त्यांनी वायर केव्हाच खिडकीबाहेर टाकली असणार. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. तेवढ्यात खरखरीतून आबांचा आवाज आला.

"जवळ कुणी हाय का?"

माझ्या तोंडातून नुसतं "आबा, आबा" निघालं.

"हाय, हितंच हाय. काय झालं ते सांग."

मी सांगितलं. मधेच तिकडचा कडकडाट माझ्या कानांत वाजला.

"आबा, तिकडं विजा आहेत?"

"हायेत की. लई भ्या वाटतंय. तू बोल, थांबू नगं. फडकं सोडू नका म्हणावं. आमचं पोरगं ॲम्ब्युलन्सला फोन करतंय."

ॲम्ब्युलन्स बांधापर्यंत आली आणि माणसांनी वडिलांना खाटेवरून तिच्यापर्यंत नेलं. तोवर आबा संचावरून उठले नव्हते. नंतर त्यांच्या मुलाने सांगितलं, सगळा वेळ त्यांनी माइक दोन्ही हातांनी आवळून धरला होता. वडील आता लंगडतात, पण रोज बागेत जातात.

गेल्या वर्षी आबा गेले. दुपारचे जरा पडले, ते उठले नाहीत. मागच्या खोलीत आता औषधांची खोकी आहेत.

परवा स्पर्धा होती. जपान छान लागत होता. तास भरला तसा मी त्याला सोडून खाली आलो आणि विचारलं, "जवळ कुणी हाय का?" मी एरवी असं बोलत नाही. तेवढं एक वाक्य त्यांच्यासारखं निघतं.

कुणी बोललं नाही. सगळे बरे आहेत, असं मी समजलो. तरी उठवेना. मला फार भीती वाटत होती. मी पुन्हा एकदा विचारलं.